हिरडीच्या ग्राफ्टनंतर टाळूची जखम कशी भरते आणि तिची काळजी कशी घ्यावी

हिरडी मागे सरकून दाताचे मूळ उघडे पडले, की ते झाकण्यासाठी किंवा पातळ झालेली हिरडी पुन्हा जाड आणि घट्ट करण्यासाठी हिरड्यांचे तज्ज्ञ ग्राफ्टची शस्त्रक्रिया सुचवतात. त्यासाठी लागणारा तुकडा बहुतेक वेळा रुग्णाच्याच टाळूतून घेतला जातो. त्यामुळे शस्त्रक्रिया एक असली, तरी तोंडात जखमा दोन होतात: एक जिथे तुकडा बसवला तिथे आणि दुसरी जिथून तो काढला तिथे. रुग्णाचे सारे लक्ष पहिल्या जागेकडे असते, कारण तिच्यासाठीच तो आलेला असतो. घरी गेल्यावर मात्र आठवडाभर जी जागा चुरचुरते, जेवताना आडवी येते आणि मध्येच रक्त दाखवून घाबरवते, ती बहुधा टाळूची असते. शस्त्रक्रियेआधीच्या बोलण्यात तिच्यासाठी पुरेसा वेळ दिला जात नाही, असे माझे मत आहे, आणि म्हणूनच हा लेख केवळ तिच्याविषयी आहे.

टाळूची जखम भरून येण्यासाठी तिच्यावर सतत काही ना काही उपचार करत राहण्याची गरज नसते. शरीर ती स्वतःच भरून काढते, आणि तोंडातील जखमा त्वचेवरील जखमांपेक्षा लवकर आणि कमी व्रण ठेवून भरतात. तिला हवे असते ते इतकेच, की सुरुवातीच्या दिवसांत तिच्यावर तयार होणारे आवरण जागच्या जागी राहावे. पुढची जवळजवळ प्रत्येक सूचना याच गरजेतून निघालेली आहे.

तुकडा कुठून आणि कसा काढतात

टाळूचा पुढचा भाग कडक असतो, कारण त्याच्या आत हाड असते. या हाडावर चिकटलेले आवरण रोजचे चावणे आणि घासणे सोसण्यासाठी घडलेले असते. त्याचा पृष्ठभाग केराटिन या कठीण प्रथिनामुळे चिवट असतो, त्याखाली दाट तंतुमय ऊती असते, आणि त्याखाली पुढच्या बाजूला चरबीचा तर मागच्या बाजूला लाळग्रंथींचा थर असतो. ही दाट ऊती हिरडीच्या ऊतीशी मिळतीजुळती असल्यामुळेच ग्राफ्टसाठी टाळूची निवड होते. तुकडा साधारणपणे वरच्या सुळ्याच्या मागच्या भागापासून पहिल्या मोठ्या दाढेपर्यंतच्या पट्ट्यातून घेतात, आणि दातांच्या कडेची हिरडी दुखावू नये म्हणून तिच्यापासून दोन-तीन मिलिमीटर जागा सोडतात.

याच भागातून टाळूची मोठी रक्तवाहिनी मागून पुढे जाते. दाताच्या मुळाची आणि तोंडात दिसणाऱ्या भागाची जिथे सांध होते, तिथपासून ही वाहिनी उथळ टाळूत सुमारे ७ मिलिमीटर, मध्यम टाळूत सुमारे १२ आणि उंच, घुमटाकार टाळूत सुमारे १७ मिलिमीटर अंतरावर असते. टाळू उथळ असेल तर सुरक्षित पट्टा अरुंद होतो, आणि डॉक्टर लहान तुकडा घेतात किंवा वेगळा पर्याय सुचवतात. तुमचा टाळू कसा आहे हे विचारणे म्हणजे अडाणीपणा नव्हे. त्यावर रक्तस्रावाची शक्यता अवलंबून असते.

जखम कशी भरेल हे तुकडा कोणत्या पद्धतीने काढला यावर ठरते. जुनी पद्धत म्हणजे वरच्या त्वचेसकट पातळ पट्टी उचलणे. या पट्टीची जाडी साधारण १ ते १.५ मिलिमीटर असते आणि ती काढल्यावर टाळूवर उघडी, आयताकृती जागा उरते. गेल्या शतकाच्या साठच्या दशकात ही पद्धत रूढ झाली आणि उघड्या जखमेचा त्रासही तेव्हापासूनच परिचयाचा झाला. पुढच्या सुधारणांचा मोठा भाग टाळूची जखम लहान करण्याच्या धडपडीचा आहे. १९७४ साली एडेल यांनी वरची त्वचा दारासारखी उघडून आतली तंतुमय ऊतीच तेवढी काढण्याची पद्धत मांडली, १९८५ साली लँगर आणि लँगर यांनी अशा ऊतीचा वापर मुळे झाकण्यासाठी केला, आणि १९९९ साली ह्युर्झेलर आणि वेंग यांनी एकाच छेदातून ती काढण्याचे तंत्र दिले. या पद्धतींत वरची त्वचा पुन्हा मिटवून टाके घालता येतात, त्यामुळे जखम बहुधा एक ते दोन आठवड्यांत मिटते.

मग उघडी पद्धत आजही का वापरतात, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. काही ठिकाणी हिरडीची चिवट, केराटिनयुक्त पट्टीच हवी असते आणि ती वरच्या थराशिवाय मिळत नाही. काही रुग्णांचा टाळू इतका पातळ असतो, की त्याचे दोन थर वेगळे करता येत नाहीत. शिवाय पृष्ठभागाच्या लगतची ऊती अधिक दाट असते, म्हणून काही डॉक्टर पट्टी उघड्या पद्धतीने काढून बाहेर तिचा वरचा थर खरवडून टाकतात. आपल्या तोंडात यांपैकी काय होणार आहे हे शस्त्रक्रियेआधी विचारून घ्यावे, कारण उघडी जखम आणि मिटवलेली जखम यांचे पहिले दोन आठवडे अगदी वेगळे जातात.

उघडी जखम भरते कशी

तुकडा काढताच जखमेत रक्त साकळते आणि त्यातल्या फायब्रिन या प्रथिनाच्या धाग्यांचे जाळे जखमेच्या तळाला चिकटते. गुडघा खरचटला तर असेच जाळे वाळून कडक खपली बनते. तोंडात मात्र लाळेमुळे ते कधीच वाळत नाही, ओले आणि मऊ राहते, आणि म्हणून ते सहज निघूही शकते. हे जाळे म्हणजेच जखमेचे पहिले आवरण. त्याच्याखाली उघडी पडलेली मज्जातंतूंची टोके झाकली जातात, रक्त थांबलेले राहते आणि नवीन पेशींना सरकायला वाट मिळते.

पहिल्या एक-दोन दिवसांत पांढऱ्या पेशी येऊन मृत पेशी आणि जंतू साफ करतात. या काळात थोडी सूज आणि ठणका असणे हा याच कामाचा भाग आहे. त्यानंतर तळाशी नव्या केशवाहिन्या आणि कोवळी, लालसर ऊती वाढू लागते, आणि त्याच वेळी जखमेच्या काठांवरची त्वचा आतल्या बाजूला सरकू लागते. हे सरकणे दिवसाला साधारण अर्धा ते एक मिलिमीटर इतके असते. त्वचा सर्व बाजूंच्या काठांकडून मध्याकडे येत असल्यामुळे जखम किती लांब आहे यापेक्षा ती किती रुंद आहे याला जास्त महत्त्व असते: लांब पण अरुंद पट्टी त्याच क्षेत्रफळाच्या चौकोनी तुकड्यापेक्षा लवकर झाकली जाते. उघडी जखम पूर्ण झाकली जायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. तिच्याखालची ऊती पक्की होऊन रंग आणि जाडी आसपासच्या भागाशी जुळायला त्यापुढे आणखी काही आठवडे जातात.

चौथ्या-पाचव्या दिवशी आरशात पाहिले, तर बहुतेकांना धक्का बसतो. जखमेवर पांढुरका किंवा फिकट पिवळा, थोडा ओबडधोबड थर दिसतो. त्याच्या कडेने गुलाबी-लाल रेघ असते, आणि मध्ये कुठेतरी तांबडे ठिपकेही असतात. हा पू नव्हे. फायब्रिन, मृत पेशी आणि नव्याने वाढणारी कोवळी ऊती लाळेत भिजली, की अशीच दिसते. पू असेल तर तो पातळ असतो, दाबल्यावर वाहतो, आणि त्याच्या जोडीला वाढता ठणका, सूज, दुर्गंधी किंवा ताप असतो. तोंडाला थोडा वास येणे आणि चव बिघडणे मात्र पहिल्या आठवड्यात सामान्य आहे, कारण त्या दिवसांत दात नीट घासता येत नाहीत. पांढरा थर घाण समजून कापसाने किंवा ब्रशने पुसून काढणे हे या जखमेचे सर्वांत मोठे नुकसान आहे, कारण त्या थरासोबत काठाकडून आलेल्या नव्या पेशीही निघून जातात आणि काम पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

मिटवलेल्या जखमेत दृश्य वेगळे असते. टाक्यांच्या रेषेच्या कडेला त्वचा राखाडी किंवा पांढरट पडली, तर वरच्या पातळ त्वचेला रक्तपुरवठा कमी पडून तिचा थोडा भाग मेला असण्याची शक्यता असते. हे डॉक्टरांना दाखवावे. बहुतेक वेळा तो भाग गळून पडतो आणि तेवढी जागा उघड्या जखमेसारखी हळूहळू भरते. दुखणे आणि दिवस दोन्ही वाढतात, पण कायमचे नुकसान सहसा होत नाही.

आवरण बाहेरून देता येते

शरीराचे स्वतःचे आवरण इतके नाजूक असल्यामुळे त्याच्यावर दुसरे, बाहेरचे आवरण देण्याचे अनेक उपाय आहेत. माझ्या दृष्टीने त्यांतला सर्वांत उपयोगी म्हणजे टाळूची प्लेट, जिला डॉक्टर स्टेंट म्हणतात. वरच्या दातांचे आणि टाळूचे माप घेऊन ती पारदर्शक प्लास्टिकची किंवा ॲक्रिलिकची बनवतात. ती दातांवर बसते आणि जखमेला जीभ, अन्न व गरम-थंड यांपासून झाकून ठेवते, शिवाय जखमेवर हलका दाबही देते. तिचे माप शस्त्रक्रियेआधी घ्यावे लागते, कारण जखम झाल्यावर मापाचा मसाला टाळूवर दाबणे शक्य नसते. म्हणून आधीच्या भेटीत एकच प्रश्न विचारायचा असेल, तर तो हा असावा: माझ्यासाठी टाळूची प्लेट बनवणार आहात का?

प्लेट किती वेळ घालायची हे डॉक्टर सांगतात. साधारणपणे पहिले एक-दोन दिवस ती शक्यतो काढत नाहीत, आणि नंतर एक-दोन आठवडे जेवताना व झोपताना घालतात. पहिल्यांदा काढताना घाई करू नये. थंड पाण्याचा घोट तोंडात धरून तो प्लेटच्या कडेने आत झिरपू द्यावा, म्हणजे प्लेटला चिकटलेले रक्त सैल होते. मग दोन्ही बाजूंच्या दाढांवरून बोटांनी थोडी थोडी सोडवत ती सरळ खाली आणावी. एका बाजूने ओढून काढल्यास जखमेवरची गुठळी तिच्यासोबत निघते. काढल्यावर रक्त येऊ लागले, तर प्लेट थंड पाण्याने धुऊन लगेच पुन्हा बसवावी आणि तिच्यावर बोटाने वर दाब द्यावा. प्लेट गरम पाण्याने धुतल्यास वाकते, आणि वाकलेली प्लेट जखमेला टोचते.

याखेरीज डॉक्टर जखमेत कोलॅजन या प्रथिनाचा स्पंज ठेवून वरून आडवे-तिडवे टाके घालतात, तिच्यावर जखम चिकटवण्याचा वैद्यकीय गोंद लावतात, किंवा झिंक ऑक्साइडचा गुलाबी पॅक बसवतात. गोंदाची पापुद्र्यासारखी कडा जिभेला टोचते आणि ती उचकटण्याचा मोह होतो. तो आवरावा, कारण गोंद काही दिवसांत आपोआप सुटतो. पॅक आधीच निघून पडला आणि रक्त येत नसेल, तर घाबरण्याचे कारण नाही, फक्त दवाखान्यात कळवावे. काही ठिकाणी रुग्णाचेच थोडे रक्त काढून ते यंत्रात फिरवतात आणि त्यातून मिळालेला फायब्रिनचा पडदा जखमेवर ठेवतात. फ्रान्समध्ये जोसेफ शूक्रून यांनी २००१ साली मांडलेल्या या पद्धतीत शरीर जे जाळे स्वतः विणते, तेच अधिक जाड आणि वाढीस पोषक घटकांसह तयार स्वरूपात दिले जाते. हायल्युरॉनिक ॲसिडचे जेल आणि कमी शक्तीचा लेसर हेही काही दवाखान्यांत वापरतात. हे सर्व उपाय चांगले आहेत, पण जखम झाकलेली ठेवण्याच्या साध्या गोष्टीला त्यांतला एकही पर्याय नाही.

रक्त आले तर

पहिल्या दिवशी लाळ गुलाबी दिसणे साहजिक आहे. रक्ताचा एक थेंब तोंडभर लाळेत मिसळला, की फार रक्त गेल्यासारखे वाटते. काळजी करायची ती तोंडात गडद लाल रक्त साचू लागले किंवा गुठळ्या येऊ लागल्या तर. अशा वेळी काय करायचे हे आधी माहीत असले, की माणूस घाबरत नाही.

स्वच्छ गॉझची घडी जखमेपेक्षा थोडी मोठी करावी आणि पाण्यात भिजवून पिळून घ्यावी, कारण कोरडी गॉझ जखमेला चिकटते आणि काढताना गुठळी सोबत आणते. ताठ बसून ती घडी नेमकी जखमेवर ठेवावी आणि अंगठ्याने किंवा बोटाने वर, हाडाच्या दिशेने, घट्ट दाबावी. नुसते दात मिटून टाळूवर दाब पडत नाही. दात काढल्यानंतरच्या सवयीने अनेक जण गॉझ चावून बसतात आणि रक्त थांबत नाही म्हणून हवालदिल होतात. दाब सलग २० ते ३० मिनिटे द्यावा, घड्याळ समोर ठेवून. मध्येच गॉझ उचलून पाहिले, की साकळू लागलेले रक्त पुन्हा सुटते आणि वेळ पहिल्यापासून मोजावी लागते. गॉझऐवजी भिजवलेली चहाची पुडी वापरता येते. चहातील टॅनिन रक्त साकळायला मदत करते. अर्ध्या तासाच्या सलग दाबानंतरही रक्त वाहत असेल, तर डॉक्टरांना फोन करावा, आणि ते भेटत नसतील तर रुग्णालयात जावे. तिथे पोहोचेपर्यंत दाब सोडू नये.

रक्ताची शक्यता पहिल्या दोन दिवसांत अधिक असते, पण पाचव्या ते सातव्या दिवसाच्या आसपासही, गुठळी सैल होताना किंवा टाके सुटताना, ते अचानक येऊ शकते. म्हणून गॉझचे पाकीट आठवडाभर हाताशी ठेवावे. पहिल्या दिवशी चूळ भरू नये, जोरात थुंकू नये आणि स्ट्रॉने पिऊ नये. ओढण्याने आणि थुंकण्याने तोंडात जो ताण निर्माण होतो, तो थेट गुठळीवर येतो. लाळ गिळावी किंवा बेसिनवर वाकून नुसती पडू द्यावी. रक्त मात्र गिळू नये, त्याने मळमळते. वाकून जड उचलणे आणि दम लागेल असा व्यायाम काही दिवस टाळावा. रात्री उशी उंच घ्यावी, आणि तोंडात गॉझ ठेवून कधीही झोपू नये.

रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी ती स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. ती थांबवल्याने हृदयाला किंवा मेंदूला होणारा धोका टाळूच्या रक्तस्रावापेक्षा कितीतरी मोठा असू शकतो. हा निर्णय ती औषधे देणाऱ्या डॉक्टरांनी आणि शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी मिळून, शस्त्रक्रियेआधी घ्यायचा असतो.

दुखणे, खाणे आणि बोलणे

वेदनेची गोळी भूल उतरण्याआधी घ्यावी. जागेवरची भूल काही तासांत उतरते आणि ठणका पूर्ण सुरू झाल्यावर त्याला आवरणे अवघड जाते. आयबुप्रोफेन सूज आणि वेदना दोन्ही कमी करते, पण जठरव्रण, मूत्रपिंडाचा विकार, काही प्रकारचा दमा, गर्भारपण किंवा रक्त पातळ करणारी औषधे असतील, तर ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. अशांना बहुधा पॅरासिटामॉल दिले जाते, आणि तेही ठरवून दिलेल्या मात्रेपेक्षा जास्त घ्यायचे नसते. वेदनेसाठी ॲस्पिरिन नको, कारण त्याने रक्त साकळण्याला अडथळा होतो. उघड्या जखमेचे दुखणे पहिले दोन-तीन दिवस सर्वांत जास्त असते आणि साधारण आठवडाभरात बरेच उतरते. तुकडा खोलवरून घेतला असेल आणि हाडावर पातळच ऊती उरली असेल, तर ते अधिक जाणवते. गालावर बाहेरून ठेवलेला बर्फ ग्राफ्टच्या जागेला उपयोगी पडतो, टाळूपर्यंत तो पोहोचत नाही. टाळूला थंड पाण्याचा घोट तोंडात शांतपणे धरून ठेवण्याने बरे वाटते.

जीभ ही या जखमेची सर्वांत चिवट शत्रू आहे, आणि तिच्याकडे कोणी लक्ष वेधत नाही म्हणून मुद्दाम सांगतो. आपण दिवसाकाठी शेकडो वेळा गिळतो आणि प्रत्येक गिळण्यात जीभ टाळूला दाबली जाते. ‘त’, ‘ट’, ‘ड’, ‘न’ अशी अक्षरे उच्चारताना तिच्या कडा दाढांच्या आतल्या बाजूला, म्हणजे नेमक्या जखमेच्या आसपास, टेकतात. हे टाळता येत नाही आणि एवढ्याने जखमेचे बिघडतही नाही. पण पहिले दोन दिवस कमी बोलणे खरोखर उपयोगी ठरते. टाळता येण्यासारखे आहे ते जिभेच्या टोकाने जखम सतत चाचपणे. नकळत होणाऱ्या या सवयीला प्लेट हाच खरा अडसर आहे.

अन्न मऊ, कोमट किंवा थंड आणि फारसे चावावे न लागणारे असावे: कुस्करलेला बटाटा, मऊ भात, दही, मऊ अंडे, केळे, थंड केलेले सूप. घास ग्राफ्ट नसलेल्या बाजूने चावावा. टाळूची जखमही बहुधा ग्राफ्टच्याच बाजूची असते, पण नसेल, तर जेवताना प्लेट घालणे हाच मार्ग उरतो. गरम पदार्थांनी रक्तवाहिन्या रुंदावतात आणि गुठळी सैल होते; तिखट आणि आंबट पदार्थ उघड्या मज्जातंतूंना झोंबतात; कुरकुरीत पदार्थांचे कण आणि बारीक बिया त्या पांढऱ्या थरात रुततात. रुतलेला कण बोटाने किंवा काडीने काढू नये, पहिल्या दिवसानंतर हलक्या चुळीने तो सुटतो. दुखते म्हणून जेवण सोडणे हेही चुकीचे आहे, कारण नवी ऊती घडायला प्रथिने लागतात, आणि ती मऊ अन्नातूनही पुरेशी मिळू शकतात.

स्वच्छता

दात घासणे पूर्ण बंद करू नये. शस्त्रक्रियेची जागा आणि टाळू सोडून बाकीचे दात मऊ ब्रशने नेहमीप्रमाणे घासावेत. फेसाळ पेस्ट झोंबत असेल तर ती अगदी थोडी घ्यावी. दुसऱ्या दिवसापासून डॉक्टर बहुधा क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाच्या ०.१२ किंवा ०.२ टक्के द्रावणाने दिवसातून दोनदा गुळणी सांगतात. गुळणी हा शब्द इथे सौम्य अर्थाने घ्यायचा आहे: द्रावण तोंडात घ्यावे, डोके हळूच दोन्ही बाजूंना कलते करावे आणि ते तोंडातून पडू द्यावे. पेस्ट आणि हे द्रावण यांत निदान अर्ध्या तासाचे अंतर ठेवावे, कारण पेस्टमधील फेसाचे घटक त्याचा परिणाम कमी करतात. त्याने दातांवर तपकिरी डाग पडतात आणि चव काही दिवस बिघडते. डाग दवाखान्यात काढता येतात. सांगितलेल्या दिवसांपेक्षा अधिक काळ ते वापरू नये. कोमट पाण्यात थोडे मीठ घालून केलेली हलकी चूळ जेवणानंतर चालते. अल्कोहोल असलेले माउथवॉश आणि मद्य या दोन्हींपासून जखम भरेपर्यंत दूर राहावे.

भरणे का रखडते

धूम्रपानाने टाळूची जखम दोन्ही बाजूंनी मारली जाते: निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, त्यामुळे नव्या ऊतीला पुरेसे रक्त मिळत नाही, आणि झुरक्याच्या ओढीने व गरम धुराने वरचे आवरण दुखावते. तंबाखू तोंडात धरण्याने निकोटिन थेट त्याच ठिकाणी पोहोचते. शस्त्रक्रियेच्या काही आठवडे आधीपासून जखम पूर्ण भरेपर्यंत तंबाखू कोणत्याही रूपात न घेणे ही अट मी सर्वांत वर ठेवेन, कारण तिच्यावर टाळूच नव्हे, तर ग्राफ्ट जगणेही अवलंबून असते. मधुमेह असेल तर शस्त्रक्रियेआधीच साखर आटोक्यात आणलेली हवी. तोंड उघडे ठेवून झोपण्याची सवय असेल तर रात्री टाळू कोरडा पडतो, आणि कोरड्या पृष्ठभागावरून नव्या पेशी नीट सरकू शकत नाहीत. अशांना प्लेटचा आणि झोपण्याआधी पाणी पिण्याचा उपयोग होतो.

दुखणे तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर उतरण्याऐवजी वाढत असेल, ताप आला, पू दिसला, सूज वाढत गेली, किंवा औषधानंतर अंगावर पुरळ उठले वा श्वास जड झाला, तर पुढच्या भेटीची वाट पाहू नये. श्वासाचा त्रास असेल तर थेट रुग्णालयात जावे.

त्यापुढचे महिने

टाके एक ते दोन आठवड्यांत विरघळतात किंवा काढले जातात. जखम झाकली गेल्यावरही ती जागा काही काळ अधिक लाल आणि गुळगुळीत दिसते, आणि गरम पदार्थ तिथे चटकन जाणवतो. काही जणांना त्या भागात बधिरपणा किंवा मुंग्या येतात, कारण तुकड्यासोबत मज्जातंतूंच्या बारीक शाखाही कापल्या जातात. ही संवेदना सहसा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत परत येते, क्वचित थोडा बधिरपणा राहून जातो. टाळूच्या पुढच्या भागातील आडव्या वळ्या तुकड्यात आल्या असतील, तर त्या जागी त्या पुन्हा पूर्वीसारख्या उमटतीलच असे नाही; तुकडा मागून घेण्याचे तेही एक कारण आहे.

पुढे दुसऱ्या दाताला ग्राफ्ट लागला, तर तीच जागा पुन्हा वापरता येते, पण ऊतीला पुरेशी जाडी यायला साधारण दोन ते तीन महिने द्यावे लागतात. तेवढे थांबणे शक्य नसेल, तर टाळूची दुसरी बाजू असते, किंवा प्रक्रिया केलेली दात्याची त्वचा अथवा कोलॅजनचा तयार पडदा वापरून टाळूला हातच न लावण्याचा मार्ग असतो. हे तयार पर्याय सगळीकडे टाळूच्या ऊतीइतके चांगले काम करत नाहीत, म्हणून डॉक्टर ते कोणत्या दातासाठी सुचवत आहेत आणि का, हे ऐकून घ्यावे. त्या भेटीला जाताना मागच्या वेळी टाळूच्या कोणत्या बाजूने तुकडा घेतला होता, ती जागा भरायला किती आठवडे लागले आणि रक्ताचा त्रास झाला होता का, हे लिहून न्यावे.